मैनाबाईचं राहिलेलं दर्शन

त्या हिवाळ्यात मी देवघराकडे पाठ करून जेवायला बसत असे. आमचं साकोलीचं घर लहान, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच देवाची फळी, त्यामुळे पाठ करायची तर पाट मुद्दाम उलटा टाकावा लागायचा. आमचे हे ते पाहायचे. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या फळीवरचा दिवा मीच लावत आले होते. आता तो हे लावत. कापडाचं दुकान उघडायला जायच्या घाईत वात नीट तेलात भिजवलेली नसायची, जरा वेळानं ती विझायची आणि तिचा धुरकट वास घरभर राहायचा. मला वाटायचं, बरोबर आहे. या घरात आता असाच वास यायला हवा.

रागाचं कारण सांगते. काही वर्षांपूर्वी, पाळी बंद होऊन बराच काळ झाल्यावर मला पुन्हा अंगावर जाऊ लागलं. लाजेपायी थोडे दिवस अंगावर काढले, मग नागपूरला तपासणी झाली तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. रेडिएशनचे शेक झाले, सोबत सलाइनमधून औषध झालं, आतून द्यायचं ते रेडिएशनही झालं. त्या टेबलावर पाय बांधून पडलेली असताना मी गायमुखच्या महादेवाला नवस बोलले होते. माझं माहेर आंबागड. तिथून गायमुख फार लांब नाही, आणि आमच्या घरात लहानपणापासून सुखदुःखाचा पहिला शब्द त्याच महादेवाला जातो. मी बरी झाले. डॉक्टरांनी सांगितलं की सगळं स्वच्छ आहे, आता फक्त तपासणीला येत जा. मी अनवाणी गायमुखला जाऊन नवस फेडला, झऱ्याच्या पाण्यानं पिंड धुतली आणि आनंदानं इतकी रडले की शेजारच्या बायका मला सावरू लागल्या. त्यानंतर मला वाटत राहिलं की देवानं मला उचलून घेतलं आहे. कुणी संकटात असलं की मी माझीच गोष्ट सांगायचे, त्यांना धीर यायचा, आणि मलाही बरं वाटायचं.

मग डाव्या कुशीत दुखू लागलं. आधी भात कांडून आणलेलं पोतं सरकवलं म्हणून असेल असं वाटलं. दुखणं मागे कमरेत जायचं, तिथून खाली उतरायचं. शेजारणी म्हणाल्या मुतखडा असेल. मी कुळथाचं पाणी प्यायले, गावठी औषध घेतलं, गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून राहिले. एके सकाळी लघवी लाल झाली. त्या रंगाकडे पाहत मी भिंतीला धरून उभी राहिले. खाली रक्त दिसण्याचा तो भयंकर क्षण मी एकदा भोगून संपवला आहे, असा माझा समज होता. तो संपला नव्हता.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई मला आधीपासून ओळखत होत्या. मोठं स्कॅन झालं. डाव्या मूत्रपिंडात गाठ होती. त्या म्हणाल्या, आधी घाबरू नका, बहुतेक ही वेगळीच गाठ असेल, मूत्रपिंडाची स्वतःची, कारण तुमचा जुना आजार सहसा इकडे येत नाही. त्या 'सहसा' या शब्दाला मी किती दिवस धरून होते, सांगता येत नाही. सुईनं तुकडा काढला. तो सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या जुन्या तुकड्याशेजारी ठेवून तपासला गेला. निकाल सांगायला त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावलं तेव्हाच मला कळलं.

"हा नवीन नाही," त्या म्हणाल्या. "जुनाच आहे. जागा बदलून आलाय. मी हे पुस्तकात वाचलं होतं, माझ्याकडे असा रुग्ण पहिल्यांदाच आला. फार दुर्मिळ आहे."

दुर्मिळ. कीर्तनात हा शब्द मी किती वेळा ऐकला होता. देवाची कृपा दुर्मिळ, खरा भक्त दुर्मिळ, नरजन्म दुर्मिळ. आता माझ्या वाट्याला दुर्मिळ म्हणून हे आलं होतं. डॉक्टरीणबाई पुढे पुष्कळ बोलल्या. औषध द्यायचं, गाठ आकसली तर ते मूत्रपिंड काढायचं, दुसरं चांगलं आहे, त्याला जपत जपत जायचं. हे पुढे वाकून एकेक शब्द ऐकत होते. माझं लक्ष त्यांच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे होतं. तिचं झाकण कुणीतरी नीट लावलं नव्हतं, आणि ते कुणीतरी नीट लावावं एवढंच माझ्या मनात येत होतं.

घरी आल्यावर मी औषधाला नाही म्हटलं. यांनी समजावलं, रायपूरला दिलेली आमची एकुलती एक मुलगी येऊन रडून गेली. मला त्यांची दया यायची, पण माझ्या आत काही हलायचं नाही. मृत्यूचं भय होतंच. त्याहून मोठं दुःख हे होतं की मी फसवली गेले आहे. ज्यानं दिलं म्हणून मी गावभर सांगत फिरले, त्यानं दिलेलं परत घेतलं होतं, आणि घेताना एक शब्दही सांगितला नव्हता. माझी गोष्ट ऐकून धीर धरलेल्या बायकांची तोंडं मला आठवायची. मी त्यांना काय सांगितलं होतं? कशाच्या भरवशावर सांगितलं होतं? देव नाही असंही मला म्हणता येत नव्हतं. नसता तर बरं झालं असतं, रागवायला कुणी उरलं नसतं.

शिवरात्र जवळ आली तसा माझा भाऊ मला न्यायला आला. दादा माझ्याहून मोठा, कमी बोलणारा माणूस. जरा माहेरी राहा, हवापालट होईल, असं म्हणाला, पण त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं. आंबागडला गेल्यावर वहिनीनं ते बोलून दाखवलं. गायमुखला जाऊ, महादेवापुढे पुन्हा पदर पसरू.

"मी काही मागणार नाई," मी दादाला म्हटलं. "आधीच सांगून ठेवतो. येतो, पण मागणार नाई."

"नको मागू," तो म्हणाला. "नुसती चाल."

शिवरात्रीच्या दिवशी आम्ही काळीपिवळीनं निघालो. गाडी जिथपर्यंत जाते तिथे उतरून पुढे गर्दीतून पायी जायचं होतं. जंगलातून लोकांची रांगच्या रांग चालली होती. कुणी त्रिशूळ खांद्यावर घेतलेले, कुणी लेकरं कडेवर घेतलेली, मधूनमधून महादेवाची गाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायची. मी लहानपणी याच वाटेवर आईचा पदर धरून चालले होते. आता प्रत्येक गाणं मला टोचत होतं. आपण काय गातो ते या लोकांना कळतं काय, असा विचार यायचा. वहिनीनं आग्रह केला म्हणून मी झऱ्यावर आंघोळ केली. पाणी अंगावर घेतलं आणि हुडहुडी भरली. पाणी थंडच असतं, वहिनी म्हणाली, उन्हात बसा म्हणजे जाईल. ती हुडहुडी गेली नाही. मला रांगेत उभं राहवेना. मोहाच्या एका झाडाखाली मला बसवून दादा रांगेत गेला आणि वहिनी माझ्यासाठी चहा आणायला दुकानांकडे गेली.

मी तिथे गुडघ्यांना मिठी मारून बसले होते. दात वाजत होते. समोर देवळाची रांग दिसत होती, अगदी जवळ. मला एवढं आठवतं की माझ्या मनात मागणं नव्हतं आणि रागही उरला नव्हता. आत एक राखाडी, रिकामी जागा होती आणि तिथे बसून राहायला मला चालणार होतं. कुणी उठवलं नाही तर बरं, असं वाटत होतं.

माझ्या बाजूला एक बाई बेलाची पानं पदरात घेऊन ती निवडत बसली होती. पिवळं लुगडं, माझ्याच वयाची, रापलेला चेहरा. तिच्या सोबतच्या बायका रांगेत पुढे होत्या आणि तिची जागा धरून होत्या. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, मग सरळ माझ्या कपाळावर हात ठेवला.

"आंग भट्टीसारखं हाय तुयं," ती म्हणाली.

"थंडी वाजून राहिली. झऱ्याचं पाणी घेतलं."

"थंडी कायची, ताप हाय हा. कोन हाय तुयासंगं?"

मी म्हटलं, राहू द्या. मला कॅन्सर आहे, आधी एकदा झाला होता, आता किडनीत आला, आता ताप काय आणि थंडी काय. हे मी इतक्या सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं. आंबागडात मी हा शब्द कुणासमोर काढला नव्हता.

"कॅन्सर हाय म्हून तापात जळत बसाची काय?" ती म्हणाली. "ऊठ."

तेवढ्यात रांगेतून तिला हाका आल्या. मैना, ये वो, सरकली लाइन. तिनं तिकडे पाहिलं. देऊळ समोर होतं, रांग सरकलेली होती, पदरात बेल होता. मग तिनं पदराची गाठ मारली आणि माझ्या काखेत हात घातला. मी पुटपुटले की तुमचं दर्शन राहील. त्यावर ती जे म्हणाली ते मी आजवर विसरले नाही.

"तो कुठं जात नाई. बसला हाय. तूच पडशील."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. वहिनी चहाचे कप हातात घेऊन आली आणि मला पाहून ते तिच्या हातून सांडले. मैनाबाईच्या गावची दोन माणसं मला उचलून त्यांच्या गाडीपर्यंत घेऊन गेली. माल वाहायची गाडी, मागे सतरंजी घातलेली, त्यातच ते सगळे आले होते. ड्रायव्हर म्हणाला, या गर्दीतून गाडी निघणार कशी, संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा होत नाही. मला वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपवलं होतं. मान वर केली तेव्हा ड्रायव्हरच्या मागच्या काचेतून मला दिसलं की मैनाबाई खाली उतरली आहे आणि गाडीच्या पुढे चालते आहे. येणारा सगळा लोंढा देवळाकडे चालला होता आणि ती एकटी उलट दिशेनं दोन्ही हातांनी माणसं बाजूला करत होती. आजारी बाई हाय, बाजूला व्हा, आजारी बाई हाय. तिचा आवाज बसत चालला होता. लोक सरकत होते, तिच्यामागे गाडी हळूहळू पुढे येत होती. ते पिवळं लुगडं डोळ्यांपुढे असतानाच माझी शुद्ध गेली.

तुमसरच्या दवाखान्यात माझा रक्तदाब लागेना. तिथून सलाइन लावूनच अॅम्ब्युलन्सनं नागपूरला आणलं. गाठीमुळे लघवीची वाट तुंबून त्या मूत्रपिंडात पू झाला होता आणि त्याचं विष रक्तात पसरत होतं. पाठीतून नळी घालून तो पू काढला. अतिदक्षता विभागात मी किती दिवस होते ते मला मोजता आलं नाही. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई पलंगाशी उभ्या होत्या. तुम्ही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

वहिनीनं तोवर सगळीकडे सांगून टाकलं होतं की महादेवच बाईच्या रूपात आला. दादा तुमसरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मैनाबाई तिथे बसून होती, मग गायमुखला थांबलेल्या सोबतच्यांना घेऊन गाडी लगेच गावी न्यायची म्हणून निघून गेली. जाताना दादानं विचारलं तेव्हा, दिघोरीची, लाखांदूरकडची, एवढं तिनं सांगितलं होतं. तिच्या गावचे बहुतेक लोक शिवरात्रीला जवळच्या जवळ प्रतापगडला जातात. ती एवढ्या लांब गायमुखला का आली होती, हे कुणी विचारलं नव्हतं. वहिनी म्हणायची, दिघोरीत जाऊन शोधलं तर अशी बाई सापडणारच नाही, बघा.

खरं सांगायचं तर मला त्या वेळी कृतज्ञता वाटली नाही. मी पडल्या पडल्या छताकडे पाहायचे आणि म्हणायचे, कशाला उठवलंत? त्या झाडाखाली मला काही दुखत नव्हतं. इथे पाठीत नळी होती, हाताच्या शिरा सुजल्या होत्या, आणि पुढे पुन्हा तेच औषध, तीच उलटी, तेच केस गळणं, कदाचित तेच शेवटी. वाचवलं ते एवढ्यासाठी? असं म्हणत असतानाच ते पिवळं लुगडं डोळ्यांपुढे यायचं. लोकांच्या लोंढ्याविरुद्ध चालणारी ती पाठ. तिचं देवाशी काय काम होतं ते मला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी होतं. तेवढ्या लांबून, तेवढ्या गर्दीत, बेल निवडत बसलेली बाई उगीच आलेली नसते. ते काम तिनं माझ्यासाठी पदरात बांधून ठेवलं होतं. ते वाया घालवायचा मला हक्क आहे, असं काही केल्या वाटेना. एके सकाळी मी यांना म्हटलं, डॉक्टर म्हणतात ते करू. ते पलंगाच्या कडेला बसून होते. ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

अंगात ताकद आल्यावर ते मूत्रपिंड काढलं. मग औषध सुरू झालं, उरलेल्या एका मूत्रपिंडाला सांभाळत, रक्त तपासत, थांबत थांबत. उन्हाळा असा गेला की त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तोंडाला चव नव्हती. भाताचा वास सहन व्हायचा नाही, आणि आमच्या भागात भाताच्या वासापासून पळायचं तरी कुठे. मी देवाशी बोलत नव्हते, पण पाट सरळ टाकू लागले होते. त्याहून जास्त मला जमत नव्हतं.

पाऊस पडून धानाच्या रोवण्याचे, लावणीचे दिवस आले तेव्हा मी यांना म्हटलं, मला दिघोरीला न्या. आदल्याच आठवड्यात पुन्हा स्कॅन झालं होतं आणि फुप्फुसात एक लहान डाग दिसला होता. औषध बदलून पाहू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मला वाटलं, अजून चालता येतं आहे तोवर तिला भेटून यावं. दुकानातली एक चांगली साडी मी स्वतः निवडली. डोक्याला रुमाल बांधला आणि आम्ही साकोलीहून निघालो.

तिला शोधावं लागलं नाही. मैनाबाई म्हटल्याबरोबर पहिल्याच माणसानं घर दाखवलं. वहिनीचा महादेव दिघोरीत एका कौलारू घरात राहत होता, दारात शेळी बांधलेली होती आणि ओसरीवर लावणीसाठी उपटलेल्या भाताच्या परह्यांच्या जुड्या पडल्या होत्या. ती बांधीवर, धानाच्या शेतावर, जायच्या तयारीत होती. तिनं मला ओळखलं नाही. मी गायमुखचं नाव काढलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि लगेच गेलं. बस वो, म्हणाली. मी ओसरीवरून आत पाहिलं. आतल्या भिंतीवर एका तरुण मुलीचा फोटो होता, त्याला हार घातलेला. फोटो नवा होता.

मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. मुलगी, सीमा. तिला लहानपणापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. सांधे धरायचे, ताप यायचा, रक्त चढवावं लागायचं. मैनाबाईच्या आईचा नवस गायमुखचा होता, म्हणून ती त्या शिवरात्रीला मुलीसाठी तिकडे आली होती. बेल तिच्या नावाचा होता. वैशाखात सीमाला जोराची कळ आली, छातीत धरलं, भंडाऱ्याला नेलं, तिथेच गेली.

माझ्या हातातली साडी माझ्याच मांडीवर पडली. हे माझ्याकडे पाहत होते, मी कुणाकडे पाहू शकत नव्हते. माझ्या आतून एकच वाक्य वर येत होतं आणि मी ते दाबू शकले नाही.

"तू दर्शन सोडलं माझ्यासाठी. म्हून गेली काय ती?"

मैनाबाईनं परह्यांची एक जुडी उचलली, मुळांचा चिखल झटकला आणि परत ठेवली.

"मीबी तसंच समजली होती," ती म्हणाली. "लय शिव्या देल्ल्या तुले. खोटं कायले सांगू. म्हटलं, कोन कुठची बाई, तिच्यापायी माया पोरीचा बेल पदरातच सुकला." मग तिनं हात पदराला पुसले. "मंग एक दिस वाटलं, पोरगी त गेली. आता ते बाईबी गेली असंन, त त्या दिवसातलं माया हातात काईच नाई. तू जित्ती हायेस. एवढं त पाहू दे मले. रडून तेबी नको घेऊ."

मी रडणं थांबवायला गेले. थांबवता आलं नाही, पण तोंडावर पदर धरला. तिनं आत जाऊन पाणी आणलं, मग भात आणि लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण ताटात घेऊन आली. मी सांगणार होते की मला भाताचा वास चालत नाही. ती समोर बसली होती. मी खाल्लं. थोडंच, पण खाल्लं, आणि ते पोटात राहिलं.

मग मी तिला डागाबद्दल सांगितलं. हे तिथेच बसले होते, त्यांच्यासमोर मी त्या डागाबद्दल एवढं उघड पहिल्यांदाच बोलले. आता पुढे काय होईल ते डॉक्टरीणबाईलाही नीट सांगता येत नाही, असंही सांगितलं. तिनं बरी होशील म्हटलं नाही. महादेव पाहील, असंही म्हटलं नाही.

"भेव वाटते?"

"वाटते."

"मलेबी वाटते, या घरात एकटी असली का," ती म्हणाली. "चाल बांधीवर. बाया वाट पाहून राहिल्या असतीन."

तिची बांधी घरापासून जवळच, बोडीच्या, लहान तळ्याच्या, खाली. तिनं मला बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर एका पोत्यावर बसवलं, वाटेत मी तिच्या हातात दिलेल्या नव्या साडीची घडी एका बाईच्या जेवणाच्या डब्यावर नीट ठेवली आणि लुगडं खोचून चिखलात उतरली. रोवणा करणाऱ्या बाया मी जन्मभर पाहत आले आहे. त्या रोवत रोवत मागे सरकतात. पुढे लावलेलं हिरवं असतं, मागे नुसता चिखल, आणि पाय कुठे पडेल ते त्या वळून पाहत नाहीत. पाय टाकतात, चिखल तो घेतो. मैनाबाई त्या रांगेत वाकलेली होती. जिला जाऊन फार दिवस झाले नव्हते त्या लेकीचं दुःख तिच्या पाठीवर होतं आणि ती मागे मागे सरत होती, आणि तिच्यापुढे धान उभं राहत होतं.

सीमा का गेली आणि मी का राहिले, हे मला कळलेलं नाही. वहिनी म्हणते ते मी आता नाकारत नाही आणि मानतही नाही. महादेवानं मैनाबाईला पाठवलं असेल तर त्यानं सीमाचा बेल सुकू दिला, हेही मला त्याच्याच पदरात टाकावं लागतं. तो हिशोब मला सुटत नाही आणि आता मी सोडवत बसत नाही. आधी मी त्याला बरं करण्यासाठी हाक मारली, मग बरं न ठेवल्याबद्दल त्याच्यावर रुसले. दोन्ही वेळा मी त्याच्याकडे काहीतरी घ्यायला गेले होते. त्या दिवशी धुऱ्यावर बसून माझे हात आपोआप जुळले आणि मागायला काही सुचलं नाही. महादेवा, मी मरत असताना तू एका दुःखी बाईला माझ्यापुढे चालवलंस. मी त्या लायकीची होते म्हणून नव्हे. एवढं मला मिळालं. पुढे औषध लागू पडेल किंवा पडणार नाही, ते तुझ्याकडे. मला भीती वाटत राहील, तीही तुझ्याकडेच ठेवते.

ढग फाटून ऊन आलं होतं. कुशीत, जिथून ते मूत्रपिंड काढलं तिथे, ओढ लागत होती. मैनाबाईनं वाकल्या वाकल्याच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, ऊन लागून राहिलं तुले," तिनं हाक दिली. "त्या झाडाकडं सरक."

मी पोतं उचललं आणि सरकले.